मागचं डावं चाक

१

"…उभ्या जागीच चालते ते गाडी, गिरजाबाई. भर दुपारी. आन् आजच सांगून ठेवतो, ज्या दिवशी फाटकाबाहीर निघंल ना, त्या दिवशी जितके बसतील तितके काही वापस येणार नाईत. एक तरी माणूस—"

आणि मासोळीवाल्या इतवारीनं तोंड मिटलं. समोर रत्नमालाबाई पिशवी घेऊन उभी होती.

"झिंगे घेता का, बाई? तलावातले आहेत, आजचेच," तो म्हणाला. आवाज असा गोड, की जणू मघापासून झिंग्यांचाच विषय चालला होता.

"झिंगे राहू दे. कोणती गाडी?"

"कोणती नाई, बाई. अशीच आपली. उन्हात तोंड चालते माणसाचं."

"तुझं तर हिवाळ्यातही चालते."

गिरजाबाई पदर तोंडाला लावून हसली, पण तिनंही पुढं काही सांगितलं नाही. लाखनीच्या बाजारात हे नेहमीचंच होतं. रत्नमालाबाई दिसली की लोक अर्धी गोष्ट गिळून टाकत. कोणाच्या घरी पाहुणा आला हे दारातल्या चपलांवरून ओळखणारी आणि पाहुणा जायच्या आधी त्याच्या पोराचं लग्न कुठं अडलं ते काढून घेणारी बाई ती. तिच्या पुढ्यात कोण कशाला बोलेल? पण तिच्या मनात खोट नव्हती. गल्लीत कोणी आजारी पडलं तर पहिला डबा तिच्याच घरून जायचा, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

झिंगे घेतलेच तिनं. घरी येताना मात्र तेच अर्धं वाक्य डोक्यात फिरत राहिलं. गल्लीत उभी म्हणावी अशी गाडी एकच होती, आणि ती तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच होती.

२

जमुनाबाईच्या अंगणातली ती पांढरी व्हॅन. जमुनाबाईचा नवरा लिलाधर तिच्यात साकोली-भंडाऱ्याच्या सवाऱ्या मारायचा. तो वारला तशी गाडी उभी राहिली ती राहिलीच. आधी अंगणात आंब्याची सावली होती. नालीच्या कामात आंबा गेला, आणि मग सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ऊन त्या गाडीच्या डाव्या अंगावर घर करून बसायचं. जमुनाबाईनं टपावर, काचांवर जुन्या साड्या बांधल्या होत्या. चाकं तेवढी उघडी.

पण चाकांचीही ती हेळसांड करत नव्हती. दर शनिवारी वाटीत जवसाचं तेल कोमट करायची, त्यात हळद घालायची आणि फडक्यानं चारही टायर चोळायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात ना, अगदी तसं. त्या घरातले बैल कधीचेच गेले, खांदे शेकणारे हात तेवढे राहिले होते. टायर काळेभोर चमकायचे. शेवटी ती हळदीचं एक बोट प्रत्येक चाकाच्या माथ्यावर ओढायची. रत्नमालाबाईला ते नेहमीच बरं वाटायचं. माणूस गेला, तर त्याच्या वस्तूवर तरी माया करावी.

बाजारातून आल्यावर तिनं झिंगे धुवायला घेतले आणि सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं.

मागच्या डाव्या चाकावर हळदीचं बोट माथ्यावर नव्हतं. ते बाजूला होतं, मागच्या अंगाला. घड्याळाचा काटा खाली घसरावा तसं.

तिनं हात पुसले, चष्मा लावला. बोट तिथंच होतं. चाकाच्या पुढं-मागं लावलेल्या विटाही जागच्या जागी. गाडीखाली जमुनाबाईची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली, तिनं मानसुद्धा वळवली नव्हती. धुळीत कुठं एक रेघ नाही.

'या खेपेला बाजूलाच लावलं असेल जमुनाबाईनं,' तिनं स्वतःला समजावलं. 'हात दुखत असेल तिचा.'

मग तिनं पुढचं चाक पाहिलं. तिथं बोट बरोबर माथ्यावर होतं.

३

रात्री जेवताना तिनं नवऱ्याजवळ विषय काढला. हिरालाल एसटीचा ड्रायव्हर, साकोली डेपोत. रिटायर व्हायला आलेला.

"चाक जागच्या जागी फिरू शकते का हो?"

"जॅक लावला तर फिरते."

"जॅक नाई लावला तर?"

"तर फिरवणारा पाह्यजे. आन् तू काहून विचारून राहिली? कोणाच्या घरात घुसली आज?"

तिनं हळदीचं बोट सांगितलं. हिरालाल हसला, पण हसता हसता थांबला. हात धुऊन अंगणात गेला, भिंतीवरून टॉर्च मारला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"बोटाचं राहू दे," तो आत येऊन म्हणाला. "टायर खराब आहेत ते. तेलानं चमकतात म्हणून भेगा दिसत नाईत. जवसाच्या तेलानं तर रबर आणखीनच सडते. लिलाधरनं शेवटी घेतले तेव्हाच दुकानात पडून जुने झाले होते, अन् नंतर इतके उन्हाळे भाजले. रबर आहे, उन्हानं म्हातारं होते. गाडी चालो का उभी राहो."

"पण चाललीच नाई तर झिजलं कुठून?"

"झिजणं वेगळं, म्हातारं होणं वेगळं. आपली बायजाबाई आत्या घराबाहीर पडली का कधी? म्हणून काय केस पिकले नाईत तिचे?"

एरवी रत्नमालाबाई हसली असती. पण सकाळीच भंडाऱ्याहून निरोप आला होता. जमुनाबाईच्या प्रेरणाला मुलगी झाली होती. बाळंतपण अवघड गेलं, आता दोघी बऱ्या होत्या, दोन-चार दिवसांत सुट्टी मिळणार होती. आणि जमुनाबाईनं गल्लीभर पेढे वाटता वाटता जाहीर केलं होतं की नात घरी येईल ती तिच्या आजोबाच्या गाडीतच.

प्रेरणा लहान होती तेव्हा जमुनाबाई मासोळीची टोपली घेऊन गावोगाव फिरायची आणि पोरगी दिवसभर रत्नमालाबाईच्या उंबऱ्यावर. तिथंच जेवायची, तिथंच झोपायची. तिचा पहिला पडलेला दात रत्नमालाबाईनं स्वतःच्या हातानं घराच्या कौलांवर फेकला होता.

'जितके बसतील तितके वापस येणार नाईत.' तिला त्या रात्री झोप लागली नाही.

४

दुसऱ्या दिवशी जमुनाबाई आणि तिचा मुलगा प्रफुल्ल दवाखान्यात गेले. दुपारची वेळ. मे महिन्यातली लाखनीची दुपार, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन पडलेली. दूर हायवेवर ट्रकांची घरघर तेवढी. रत्नमालाबाईनं डोक्यावर ओला दुपट्टा घेतला आणि फाटकाची कडी काढून आत शिरली.

'कोंबडीले पाणी ठेवाले आली,' कोणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती. वाटीत पाणी घेतलंही होतं.

मागच्या डाव्या चाकाशी ती उकिडवी बसली. तेलाचा आणि भाजलेल्या रबराचा वास एकत्र नाकात गेला. जवळून पाहिलं तर हिरालाल खरं बोलला होता. चमकेच्या खाली बारीक बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यात तलाव आटल्यावर गाळाला पडतात तशा. टायरच्या नक्षीचे काटे मात्र कोरे करकरीत.

हळदीचं बोट आता जमिनीजवळ आलं होतं.

'उन्हानं हळद वितळली असेल, ओघळली असेल,' ती मनात म्हणाली. पण ओघळ कुठंच नव्हता. बोटाची कड साफ होती.

मग तिनं एक गोष्ट केली. कपाळावरची टिकली काढली आणि टायरच्या बाजूवर, अगदी विटेला लागून चिकटवली. लाल टिकली, मोठी. ही कोणी हलवणार नाही, हिच्यावर कोणी तेल चोळलेलं नाही. आता पाहू.

ती घरी आली, खिडकीत बसली. काही झालं नाही. तांदूळ निवडायला घेतले. वर पाहिलं, टिकली विटेशीच. स्वतःचंच हसू आलं तिला. पन्नाशी उलटलेली बाई, इतवारीच्या अर्ध्या वाक्यावर टिकल्या चिकटवत फिरते!

तेव्हा तो आवाज आला.

स्स्स… मग थांबला. मग आत ओढल्यासारखा, हळू.

हवा निघत असेल, तिनं ठरवलं. जुना वॉल्व्ह, गरम टायर, हवा निघणारच. पण निघणारी हवा एकाच बाजूनं जाते. ती परत आत कशी येईल?

तिनं वर पाहिलं. टिकली विटेपासून वीतभर वर आली होती. विटा तिथंच. कोंबडीही तिथंच, पण आता उभी राहिलेली, पंख फुलवून. अंडी सोडून ती गाडीखालून बाहेर आली आणि पाठ न दाखवता मागं मागं सरकत भिंतीला लागली.

रत्नमालाबाई परत जमुनाबाईच्या अंगणात गेली. का गेली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मागं फिरावं असं पाय म्हणत होते. डोळे तेवढे पुढं ओढत होते. टायरपाशी वाकली तेव्हा टिकली ज्या भेगेवर चिकटली होती ती भेग उघडत होती. फार नाही, नखाच्या जाडीएवढी. आतलं रबर काळं नव्हतं. ओलसर होतं, फिक्कट, एखाद्याच्या ओठाच्या आतल्या बाजूसारखं. टिकलीची कड आत गेली, मग अर्धी, मग सगळी. भेग मिटली.

मघाशी चाकाशी ठेवलेली वाटी लवंडली आणि पाणी तिच्या पायावर सांडलं. ते गरम झालं होतं.

५

"बदलून टाक बाबा ते टायर," तिनं प्रफुल्लला संध्याकाळी फाटकातच गाठलं. बाकी काय सांगणार होती? टिकली गिळली म्हणून?

"काकू, टायर पाहिले का तुम्ही? काटे जसेच्या तसे आहेत. नव्या टायरले असे नसतात."

"तुझे काका म्हणतात, उन्हानं आतून गेले आहेत."

"काकाले म्हणाव, तुमच्या एसटीचे पहा आधी. आतल्या ताराच दिसून राहतात त्यांच्या." तो हसला. मग तिचा चेहरा पाहून नरमला. "बारसं झालं की बदलतो. शप्पथ. उद्या सुट्टी देऊन राहिले प्रेरणाले. आता कुठं धावू?"

"दवाखान्याची गाडी सोडते की घरापर्यंत."

"हे आईले सांगा तुम्ही. तिच्यापुढं माझं काय चालते?"

सांगायला ती गेलीच. अंगणात कंदील नव्हता, बल्बही लावला नव्हता. दिवस नुकताच मावळलेला, भिंती अजून ऊन ओकत होत्या. जमुनाबाई मागच्या डाव्या चाकापाशी वाटी घेऊन बसली होती. शनिवार नव्हता तरी.

रत्नमालाबाई हाक मारणार होती, पण थांबली. जमुनाबाई फडक्यानं टायर शेकत होती, हलक्या हातानं, आणि बोलत होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या कानात बोलतात तेच शब्द.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

रत्नमालाबाई दोन पावलं पुढं आली.

"जमुनाबाई, हे कायले म्हणतेस वो चाकाले?"

जमुनाबाई दचकली नाही. वळून हसली. "कोणाले तरी म्हणायचं ना, माय. बैल नाईत आता. हे म्हणायचे, गाडी म्हणजे बैलच आहे आपला, त्याले उपाशी ठेवू नको." तिनं हळदीचं बोट माथ्यावर ओढलं. "उद्या माझी नात येते. आवतन नको द्याले?"

"उद्या ही गाडी नको नेऊ. माझं ऐक. माझ्या जिवाले बरं वाटून नाई राहिलं."

"तुझ्या जिवाले गल्लीत काय बरं वाटते?" जमुनाबाई प्रेमानंच म्हणाली. "बापानं हिच्याच पेट्रोलावर शिकवली पोरीले. त्याची गाडी दारात असताना त्याची नात सरकारी गाडीतून येईल? तू ये की संग. बस मागं, ठेव नजर. तशीही ठेवशीलच."

"येते," रत्नमालाबाई म्हणाली. "येतेच मी."

६

जाताना काही झालं नाही. ती मुद्दाम मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसली, त्याच चाकाच्या वर. प्रफुल्लनं सकाळीच नवी बॅटरी बसवली होती, पंपावर हवा टम्म भरून घेतली. व्हॅन कुरकुरत गेली, बस्स. भंडाऱ्याच्या दवाखान्यात कागदपत्रांत दुपार झाली. मग प्रेरणा आली, पांढरी पडलेली, हसणारी, आणि तिच्या हातातलं ते इवलंसं गाठोडं.

"काकू, तुम्हीच घ्या आधी," ती म्हणाली. "तुमचीच नात."

येताना पुढं प्रफुल्ल आणि जमुनाबाई. मागं उजवीकडं प्रेरणा, डावीकडं रत्नमालाबाई, मांडीवर मुलगी. पाच जीव, तिनं दवाखान्याच्या फाटकातच मोजले होते. काचेला बांधलेली साडी उन्हात पिवळी पेटल्यासारखी दिसत होती. हायवेचं डांबर चमकत होतं.

आवाज धारगाव सुटल्यावर सुरू झाला. सीटखालून. स्स्स… आणि आत. बाहेर, आणि आत.

"प्रफुल्ल, काही ऐकू येते का?"

"टायर आहे, काकू. रस्ता तापला आहे."

असेल. रस्ता तापलाच होता. तिनं मुलीकडं पाहिलं. मुलगी झोपली होती, छाती वरखाली होत होती. बाहेर, आणि आत. तिनं लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आणि मग तिच्या लक्षात आलं की खालचा आवाज आणि मुलीचा श्वास एकाच तालात चालले आहेत. चाक श्वास सोडायचं तेव्हा मुलगी सोडायची. कोण कोणाच्या मागं चाललं आहे, तेच कळेना.

मग खालचा श्वास आत गेला आणि थांबला.

मुलीची छातीही थांबली. ओठ जरासे उघडे, आत काही जात नाही, बाहेर काही येत नाही.

"गाडी थांबव!"

"काकू, आता गडेगाव—"

"थांबव म्हणते ना! उलटी होऊन राहिली मले!"

गाडी कडेला लागायच्या आतच तिनं दार सरकवलं. मुलीला छातीशी धरून ती खाली उतरली, आणि ऊन अंगावर पडताच मुलगी अशी रडली की जणू आत्ताच जन्मली. "प्रेरणा, उतर. उतर म्हणते! सावलीत चल." उतारापलीकडं एक पळसाचं झाड होतं. बाळंतिणीचा हात धरून ती ओढतच निघाली. प्रेरणा घाबरून मागं आली.

"आई, पाणी आण वो! काकूले काय होऊन राहिलं पहा!" प्रेरणानं ओरडून सांगितलं तेव्हा जमुनाबाई बडबडत, पाण्याची बाटली घेऊन खाली उतरली. प्रफुल्ल कपाळाला हात लावून उतरला आणि उतारावर येऊन उभा राहिला. "काकू, तुमच्यापुढं हात टेकले."

रत्नमालाबाई गाडीकडं पाहत होती. वाऱ्याची झुळूक नव्हती, पळसाचं पान हलत नव्हतं. पण मागच्या डाव्या खिडकीशी साडीचा पदर हलत होता.

७

आवाज झाला तो कानात शिरला नाही, छातीत बसला. धूळ उडाली. पाखरं उडाली. व्हॅन मागच्या डाव्या अंगावर बसली, गाय बसते तशी, आणि बारीक खडे पळसापर्यंत येऊन टपटपले.

धूळ खाली बसल्यावर प्रफुल्ल जवळ गेला. टायर उभा चिरला होता, त्याच्या तारा बाहेर आल्या होत्या. चाकावरचा पत्रा आत फाटून सीटमधून वर आला होता. जिथं रत्नमालाबाई मुलीला घेऊन बसली होती, बरोबर तिथं.

तो तिथंच खाली बसला. "उभी होती गाडी," एवढंच म्हणत राहिला. "उभी होती ना, काकू."

"सगळे आहेत ना?" जमुनाबाई रडत रडत प्रत्येकाला हात लावत होती. प्रफुल्ल. प्रेरणा. मुलगी. ती स्वतः. रत्नमालाबाई. पाच. रत्नमालाबाईनंही मोजले, पुन्हा मोजले. पाचच्या पाच. तिला रडू आलं आणि हसूही. जुनं रबर, तापलेला रस्ता, टम्म भरलेली हवा. हिरालाल सांगत होता ते हेच. इतवारी खोटा पडला होता. उद्या बाजारात त्याच्या टोपलीपुढं उभी राहून त्याला सुनावणार होती ती.

तेवढ्यात मागून येणारा एक ट्रक ब्रेक लावून थांबला. छत्तीसगडचा होता. ड्रायव्हर उडी मारून धावत आला.

"अरे, पहले पीछे वाले को निकालो! खड़े क्या हो!"

"कोई नहीं है, भैया," प्रफुल्ल म्हणाला. "सब बाहर थे."

"कैसे नहीं है? दूर से देखते आ रहा हूँ मैं. पीछे की खिड़की से हाथ बाहर था." त्यानं वाकून आत पाहिलं. फाटलेली सीट, धूळ, कोणी नाही. तो दुसऱ्या बाजूनं गेला, गाडीखाली पाहिलं. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "हिला रहा था हाथ. आप लोगों की तरफ."

त्यानं एकेकाचं तोंड पाहिलं, बोटानं मोजल्यासारखं केलं, आणि अजून काही बोलायच्या आत ट्रककडं वळला. वर चढताना त्यानं कानाला हात लावला. ट्रक गेला.

जमुनाबाईचं रडणं थांबलं होतं. ती रत्नमालाबाईच्या समोर येऊन उभी राहिली.

"तू तर गाडीकडंच पाहत होतीस," ती म्हणाली. तिनं हात वर केला आणि पंजा बाहेर ढकलला, दूर व्हा, दूर व्हा, असा. "हात असा हलत होता?" मग तिनं पंजा उलटा केला आणि बोटं स्वतःकडं ओढली. "का असा?"

मुलगी परत झोपली होती. रत्नमालाबाईनं तिच्या छातीवर हात ठेवला, तो वर आला, खाली गेला, वर आला. मग तिनं पदर ओढून मुलीचं तोंड गाडीकडून झाकून घेतलं.

"मी नाई पाहिलं, बाई," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कोणीच ऐकलं नव्हतं. जमुनाबाईनं हात खाली घेतला.